पाहुणे आल्यावर उघडायची पेटी

आमच्या अंगणवाड्यांमध्ये खेळण्यांची एक पत्र्याची पेटी असते. ती कधी उघडायची हे कुठल्याही शासकीय आदेशात लिहिलेलं नाही, पण कित्येक वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, माझ्या हाताखालच्या सगळ्या बायांनी एकच नियम पाळला. पाहुणे आले की पेटी उघडायची, पाहुण्यांची गाडी वळली की बंद करायची. एकीनं तेवढा मोडला.

हा नियम माझ्या हद्दीत मीच घालून दिला होता, हे आधीच सांगून टाकते. नाही तर पुढं मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लागले की तुम्ही मला गरीब बिचारी समजाल.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर 'बालविकासाच्या क्षेत्रातले समाधानाचे क्षण' मागितले होते. क्षेत्र म्हणे! अहो, पत्र्याच्या छताखाली तीस लेकरं, एक फळा, एक वजनकाटा आणि डझनभर रजिस्टरं, याला क्षेत्र म्हणायचं? समाधानाचे क्षण म्हणाल तर खिचडी वेळेवर शिजली आणि साहेबांचा दौरा रद्द झाला, असे ते दोनच प्रकारचे. संपादक म्हणाले, "मॅडम, तुमच्या भागात तर मोठं संशोधन झालं होतं ना, त्यावरच लिहा." बरं, लिहिते. पण मग वाईट वाटून घेऊ नका.

आधी धंदा समजून घ्या. अंगणवाडी म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या लेकरांची शाळा, असं शहरातल्या लोकांना वाटतं. गावातल्या लोकांना ती खिचडी मिळायची जागा वाटते आणि आमच्या खात्याला रजिस्टरं ठेवायची. सेविका हे तिन्ही निभावते. घरोघरी जाऊन लेकरं गोळा करते, त्यांची वजनं घेते, गरोदर बायांना गोळ्या पोचवते, आणि उरलेल्या वेळात लेकरांना शिकवते. वेळ उरला तर हो. या सेविकांवर लक्ष ठेवणारी ती पर्यवेक्षिका, म्हणजे मी, इंगळेबाई. सोनाळ्याच्या आसपासची वीस-पंचवीस गावं माझ्याकडं होती. एसटीनं, नाही तर काळीपिवळीत पाय दुमडून, नाही तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून मी ती सगळी पालथी घातली. माझ्या अंगात कला म्हणाल तर एकच होती. लेकरू दोन हातांत उचललं की मी वजन सांगायचे. मग काट्यावर टाका, फरक पडला तर माझं नाव बदला. आरोग्य केंद्रातले डॉक्टर माझ्याशी पैज लावायचे आणि दरवेळी चहा पाजायचे.

बायांची नावं मात्र आम्ही घेत नसू. एवढ्या बायांची नावं कुठं लक्षात ठेवायची? केंद्राच्या नंबरानं काम चालायचं. सात नंबर रजेवर आहे, बारा नंबर बाळंतपणाला माहेरी गेली, एकोणीस नंबर महाभांडकुदळ आहे. त्या बिचाऱ्या एकमेकींना नावानंच हाका मारायच्या. नंबर आमच्या तोंडी होते.

आता पेटीचं. एके वर्षी प्रत्येक केंद्राला खेळण्यांचा संच आला. लाकडी ठोकळे, रंगीत कड्या, मणी, एक बाहुली आणि प्लास्टिकची जनावरं. संच आला की नोंदवहीत चढतो, आणि नोंदवहीत चढलेली वस्तू आमच्या खात्यात मरेपर्यंत शाबूत राहावी लागते. दुसऱ्याच वर्षी आमच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये एक हत्ती वर धरला आणि विचारलं, "इंगळेबाई, या हत्तीची सोंड कुठं आहे?"

सगळ्या बाया खदाखदा हसल्या. साहेब हसले नाहीत. "खुलासा द्या," म्हणाले. मी हत्तीच्या सोंडेचा लेखी खुलासा दिला आहे, दोन प्रतींत. त्या दिवशी घरी येऊन मी रडले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हद्दीतल्या सगळ्या पेट्यांना कुलपं लागली.

त्यानंतर माझ्याकडं एक कडीसुद्धा हरवली नाही. कित्येक वर्षं झाली तरी बाहुलीच्या अंगावरची प्लास्टिकची पिशवी तशीच होती, आणि मी ती कौतुकानं दाखवायचे. पाहुणे यायचे असले की सेविका पेटी उघडून खेळणी सतरंजीवर मांडायची, आणि लेकरं भोवती गोल बसायची, हात पाठीमागं बांधून. "हात लावाचा नाई, मॅडमची हायेत," असं त्यांना पढवलेलं असायचं. पाहुणे म्हणायचे, काय शिस्त आहे! मी मान डोलवायचे. तुटलेल्या खेळण्याचा जाब मला विचारत होते, न खेळलेल्या लेकराचा जाब आजवर मला कोणी विचारला नाही. मग मी काय करायला हवं होतं? असं मी स्वतःला विचारायचे आणि स्वतःच माफ करायचे.

आणि मग ती चार नंबर.

डोंगराच्या बाजूचं शेवटचं गाव तिचं. नवरा मोसमात खामगावला जिनिंगवर जायचा, मुलगी शिकत होती, आणि घर चालायचं ते हिच्या मानधनावर. मी एकदा न कळवता तिच्याकडं गेले. "जय भीम मॅडम," म्हणून तिनं खुर्ची पुसली. पाहते तर पेटी सताड उघडी आणि आत तीन कड्या. बाकी सगळा संच लेकरांच्या हातात. बाहुलीचे केस गेलेले, वाघाला शेपूट नाही, मण्यांची माळ एका पोरीनं गळ्यात घातलेली. हत्तीला सोंड होती की नव्हती ते पाहायची माझी हिंमत झाली नाही.

"बाकीची खेळणी कुठं आहेत?" मी विचारलं.

"घरी गेली, मॅडम."

"कोणाच्या घरी?"

"लेकराईच्या. रोज पाच जनं नेतेत, सकाळी वापस आनतेत. कोनी इसरलं त मी जाऊन आनते."

"अगं, तुटतात ना ती!"

"तुटली ना!" तिनं कोपऱ्यातलं पोतं उघडून दाखवलं. आत मोडकी चाकं, अर्धे घोडे, पाय निखळलेल्या गाई. "फेकली नाई मी. याईनच जास्त खेळतेत."

"नोंदवहीत काय लिहू मी?"

"खेळनी हायेत, मॅडम. खेळली त तुटनच ना."

दारात एका लेकराची आई उभी होती. ती मध्येच म्हणाली, "मॅडम, हे पोट्टी घरी तोंडच उघडत नव्हती. आता बाहुलीले जेवू घालते, झोपवते, आन् माह्यासारख्या शिव्याबी देते. शिव्या पाह्यजा तिच्या, एकबी सुटली नाई माही."

दोघी हसल्या. मी हसले नाही. मीटिंगमध्ये साहेबही हसले नव्हते ना! मी चार नंबरला लेकरांसमोर, त्या आईसमोर नको नको ते बोलले. भिंतीवर तिनं लेकरांना घेऊन गेरूनं आणि निळीनं गाय, पोपट, विहीर असं काय काय वाकडंतिकडं काढलं होतं, त्यावरूनही सुनावलं. सरकारी भिंत खराब केली म्हणून. ऑफिसात येऊन मी अहवाल दिला आणि तिला कारणे दाखवा नोटीस निघाली. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. 'खेळणी लेकरांनी खेळल्यामुळे तुटली आहेत.' एवढंच. साहेबांना ते उर्मट वाटलं. तिला कमी करायचं त्यांच्या मनात आलं, पण त्याआधी पर्यवेक्षिकेचा अभिप्राय लागतो. ती फाइल माझ्या पर्समध्ये येऊन पडली. मी दोन ओळी चांगल्या लिहिल्या असत्या तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी लिहू-लिहू करत राहिले.

त्याच सुमारास संशोधन आलं.

पुण्याची एक संस्था होती, तिच्या मागं परदेशातली आणखी एक. आमच्यासारख्या गरीब देशांतली लहान लेकरं कशामुळं मागं पडतात आणि कशामुळं पुढं जातात, हे शोधायचं आणि सरकारला सांगायचं, असं त्यांचं काम. हेतूला नावं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी माणसांना ठेवली. प्रमुख होते ते सर, खादीचा झब्बा आणि पायात असले बूट की आमच्या काळ्या मातीत दोन पावलांत त्यांचं वजन दुप्पट झालं. आणि मीरा नावाची एक तरुण मुलगी, हातात प्रश्नावलीचे गठ्ठे. बायांचं बोलणं तिला कळेना आणि तिचं बायांना. मग पुणेरी मराठीतून वऱ्हाडीत दुभाषी म्हणून मी! घ्या, मराठीची ही सेवाही माझ्या खात्यावर आहे.

लेकरांना चित्रं दाखवून नावं विचारायची होती. एका पोरापुढं गाईचं चित्र धरलं. तो म्हणाला, "कपिली." मीरानं चूक लिहिलं. मी म्हटलं, "अगं, त्याच्या घरच्या गाईचं नाव आहे ते." ती म्हणाली, "मॅडम, उत्तर 'गाय' असायला हवं." घरात एक गाय आहे, तिला नाव आहे, आणि या पोराला ते माहीत आहे. तरी भोपळा.

आईसाठी प्रश्न होता, गेल्या तीन दिवसांत घरातलं मोठं कोणी मुलाबरोबर खेळलं का. एक बाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती हसूनच म्हणाली, "मोठ्या मान्साले खेळाले काय येड लागलं काय, बाप्पा?" मीरानं 'नाही'वर खूण केली. त्याच वेळी ती बाई लेकरापुढं मूठ धरून "कुठं गेली व शेंग? कुठं गेली?" करत होती आणि लेकरू तिची बोटं एक एक करून उघडत होतं. मी मीराला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "पण त्यांनी 'नाही' सांगितलं ना." आता यावर काय बोलायचं! बाई खेळत होती, पण ते खेळणं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीराच्या कागदात डोळ्यांसाठी रकाना नव्हता.

सगळ्यात मजा ठोकळ्यांची. लेकरापुढं ठोकळे ठेवायचे आणि एकावर एक रचायला सांगायचं. केंद्रामागून केंद्र, लेकरं हात पाठीमागं बांधून बसलेली. मीरा गोड आवाजात म्हणायची, "घे ना बाळा." बाळ माझ्याकडं बघायचं. मी मान हलवून घे म्हणायचे, तरी हात पुढं येईना. वर्षानुवर्षं पढवलेलं एका दिवसात कसं पुसणार? सरांनी चालता चालता सांगितलं की इथल्या मुलांच्या बोटांच्या हालचालींचा विकास अपुरा आहे. हीच बोटं दुपारी आईसोबत शेंगा तोडतात, बोंडातला कापूस काढतात आणि वेळ पडली तर दुसऱ्याच्या चिंचा पाडतात. मी मनात सरांना यथेच्छ हसले. तोंडानं मात्र "हो सर" म्हटलं, कारण ते हात कोणी बांधले ते मला ठाऊक होतं.

मग चिठ्ठीत चार नंबर निघालं. केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडायची होती, त्यामुळं टाळता येईना. नोटीस दिलेलं केंद्र, मोडकी खेळणी, आणि तिथं पुण्याचे पाहुणे. माझी अब्रूच जायची. मी काय केलं? सकाळच्या पहिल्या एसटीनं अकरा नंबरला उतरले, तिथला कोरा करकरीत संच पिशवीत भरला आणि चार नंबरला नेऊन पेटीत मांडला. मोडक्यांचं पोतं तिच्या घरी पाठवून दिलं.

ती नुसती पाहत होती. म्हणाली, "मॅडम, हे आमच्या लेकराईची नाईत."

"आजच्या दिवस."

"मंग पावन्याईले काय दिसन?"

"जे दाखवायचं ते दिसेल. आणि हे बघ, तू मध्ये बोलायचं नाही." मॅडम बोलत असताना सेविकेनं पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हाही माझाच नियम.

मीरा आली. नेहमीप्रमाणं आधी पेटी तपासली, आणि तिनं खेळणी पूर्ण, सुस्थितीत असं लिहिलं. सगळ्या केंद्रांसमोर तिनं तेच लिहिलं होतं, कारण सगळ्या केंद्रांनी त्या दिवशी पेटी उघडली होती. मग तिनं ठोकळे काढले. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत लेकरं तुटून पडली. मनोरे झाले, पडले, पुन्हा झाले. त्या शिव्या देणाऱ्या पोरीनं गोठा बांधला, आत ठोकळ्यांच्या बकऱ्या उभ्या केल्या आणि मीराला विचारलं, "तुही कोनती व बकरी?" मीरानं एक ठोकळा दाखवला. पोरगी म्हणाली, "थे गाभन हाय. तिले दूर बांध." मीरा सतरंजीवर बसली ती उठेचना. प्रश्नावली बाजूला पडली. सरही आत आले, बूट काढून.

सगळं संपल्यावर मीरानं दारातच मला थांबवलं. "मॅडम, इथली मुलं वेगळीच आहेत. आहार तोच, गावं सारखीच, खेळणीसुद्धा सगळीकडे सारखीच आहेत, मी तपासलंय. मग इथं वेगळं काय होतं?"

किती सरळ प्रश्न! एवढ्या दिवसांत मी त्या पोरीला नावं ठेवत आले होते, आणि तिनं नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. संशोधनाचा अर्थ तरी दुसरा काय असतो? दहा ठिकाणी एक दिसतं आणि एका ठिकाणी दुसरं, तर का, हे विचारणं. तिचं काम तिनं केलं होतं. उत्तर माझ्याजवळ होतं. इथली पेटी रोज उघडी असते, बाकीच्या फक्त तुमच्यासाठी उघडल्या आहेत, आणि ही पेटी उघडी ठेवली म्हणून या बाईला नोटीस देणारी मी आहे. एवढंच बोलायचं होतं.

चार नंबर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या फाइलसकट माझी पर्स माझ्या खांद्याला होती.

मी भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "चित्रं बघा ना. इथल्या भिंतींवर चित्रं आहेत."

सरांचा चेहरा उजळला. "दृश्य उद्दीपन!" ते म्हणाले. मीरानं भिंतीचे फोटो काढले. चार नंबर आत गेली आणि खिचडी वाढायला लागली.

मग काय व्हायचं ते झालं. बुलडाण्याला कार्यशाळा झाली, पडद्यावर चार नंबरच्या भिंतीवरची वाकडी गाय झळकली, आणि ठरलं की सगळ्या अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायच्या. संशोधनावर आधारलेलं धोरण! पेंटर आले. त्यांच्याकडं साचे होते, त्यामुळं प्रत्येक गावात तोच जिराफ, तेच बदक आणि तीच इंग्रजी अक्षरं. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी जिराफ! चार नंबरमध्येही पेंटरनं आधी भिंत पांढरी केली, गाय, पोपट, विहीर सगळं पुसलं आणि त्यावर जिराफ काढला. ज्या चित्रांवरून हे धोरण निघालं, तीच चित्रं त्या धोरणानं पुसली. आणि पेट्या होत्या तशा बंद.

मला कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळालं. संशोधनकार्यात मोलाचं सहकार्य, असं त्यावर लिहिलेलं आहे.

फाइलीचं राहिलंच. कार्यशाळेच्या पुढच्याच आठवड्यात मी अभिप्राय लिहिला, 'नियमानुसार कार्यवाही व्हावी.' सभ्य शब्द आहेत, वाचणाऱ्याला काही टोचत नाही. चार नंबरचं काम गेलं. मी तसं का लिहिलं? साहेबांचा दबाव होता, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. ती कामावर राहिली असती तर कधी तरी, कोणासमोर तरी बोलली असती, ही भीती होती. तिच्या जागी जी नवीन बाई आली तिनं पेटीला कुलूप लावलं. मी तिला शाबासकी दिली.

निवृत्त झाले तेव्हा हार, शाल, भाषणं झाली. साहेबांनी सांगितलं की बाईंच्या कारकिर्दीत एक खेळणं गहाळ झालं नाही. टाळ्या वाजल्या.

यंदा पुन्हा सर्व्हे निघाला. या वेळी कागद नाही, टॅबलेट. एक मुलगी खामगावला माझ्या घरी आली, जुन्या अनुभवी लोकांच्या मुलाखती म्हणून. आजी आजी करत होती. तिनं विचारलं, "केंद्राच्या गुणवत्तेवर सर्वांत जास्त परिणाम कशाचा होतो?" आणि पर्याय वाचून दाखवले. आहार, इमारत, प्रशिक्षण, भिंतींवरील चित्रे, इतर.

भिंतींवरील चित्रे! मी दारात उभी राहून मारलेली थाप इतक्या वर्षांनी पर्याय होऊन माझ्या घरी परत आली होती. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी त्या मुलीला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. हत्तीची सोंड, कुलपं, पोतं, अकरा नंबरची पिशवी, मीराचा प्रश्न, सगळं. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजी, हे 'इतर'मध्ये टाकावं लागेल. थोडक्यात सांगा ना, जागा कमी आहे." मग तिनंच लिहिलं, 'खेळणी वापरणे.' आणि पुढचा प्रश्न विचारला, केंद्रात हात धुण्याची सोय होती का.

तरीही मला हलकं वाटलं. वाटलं, आता जाऊन तिला सांगावं. इतक्या वर्षांत मी त्या गावाला तोंड दाखवलं नव्हतं. सोनाळ्यापर्यंत एसटीनं आणि पुढं ऑटोनं गेले.

ती अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झालेले. "जय भीम मॅडम," म्हणाली आणि खाट झटकून दिली, जशी तेव्हा खुर्ची पुसायची. अंगणात शेजारपाजारची पाच-सहा लेकरं होती आणि त्यांच्यामध्ये ते पोतं रिकामं करून पडलेलं. अर्धे घोडे, पायाविना गाई, टकली बाहुली. बाया कामाला जाताना लेकरं तिच्याकडं सोडून जातात, असं कळलं. सरकारी अंगणवाडी पलीकडच्या गल्लीत होती.

"नोंदवहीतली हायेत हे," ती म्हणाली. "वापस न्याची असतीन त न्या."

"नको गं." मी घोटभर पाणी प्यायले आणि सांगितलं, की नवा सर्व्हे आला होता, या वेळी मी खरं सांगितलं. भिंतींमुळं नाही, उघड्या पेटीमुळं लेकरं हुशार झाली होती, असं स्पष्ट सांगितलं.

ती सूप खाली ठेवून ऐकत होती. "लिहून घेतलं का त्याईनं?"

"हो. घेतलं."

"चांगलं केलं, मॅडम." मग लेकरांकडं पाहत म्हणाली, "थ्या दिवशी मी तिथंच उभी होती. थ्या पोरीनं तुमाले इचारलं. मले कोनी इचारलंच नाई."

"माझं चुकलं."

"आता तरी माहं नाव सांगतलं का?"

मी आठवून पाहिलं. सोंड सांगितली होती, पोतं सांगितलं होतं, मीराचंसुद्धा नाव सांगितलं होतं. "चार नंबर म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

तिनं सूप उचललं आणि पुन्हा तूर पाखडायला लागली. एक पोरगं टकली बाहुली घेऊन माझ्याजवळ आलं आणि बिनधास्त ती माझ्या मांडीवर ठेवून गेलं.

"नाव माईत हाय ना तुमाले, मॅडम?" तिनं मान वर न करता विचारलं.

माहीत आहे. नोटिशीवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. शोभा प्रल्हाद तायडे. पेटी हिनं उघडली होती.